सपाट दूध

तिला सगळे भिंगरीताई म्हणत, आणि हे नाव तिने स्वतःच्या पायांनी कमावलं होतं. प्रयोगशाळेत तिच्यासाठी एक खुर्ची होती, पण त्या खुर्चीवर बहुतेक वेळ तिची पर्सच बसलेली असे. यंत्र चालू असलं की बाकीचे चहा घेत, मोबाइल बघत. ही फ्रीज उघडून नळ्या मोजी, फ्रीज लावी, पुन्हा उघडून मोजी, आणि मधल्या वेळात कुणी न सांगता बेसिन घासून टाकी. "ताई, नळ्यांना काय पिल्लं होणार आहेत का?" असं कुणी म्हटलं की ती फाडकन म्हणे, "तुमच्या भरवशावर ठेवल्या तर पळून जातील त्या." बोलण्यात तिला कुणी हरवलेलं नव्हतं. चालण्यात तर नाहीच.

सव्वीस वर्षांपूर्वी ती इथे काचेच्या बाटल्या धुवायला आली. बाटल्या धुताना यंत्राकडे बघायची, बघताना विचारायची, आणि विचारून विचारून तिने प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना इतकं भंडावून सोडलं की त्यांनी एक दिवस तिलाच यंत्रापुढे उभं केलं. "आता स्वतःच शिका आणि माझा जीव सोडा," मॅडम म्हणाल्या. ती शिकली. हातात पदवी नव्हती, पण यंत्र कुरकुरलं की भलेभले शिकलेले लोक आधी तिला शोधत.

ते यंत्र आईच्या दुधातल्या साखरा वेगवेगळ्या करून दाखवी. साखर म्हणजे चहातली नव्हे. आईच्या दुधात गोडीची साधी साखर असते, ती बाळ पचवतं आणि अंगी लावतं. पण तिच्याबरोबर दीडशेच्या वर अशा गुंतागुंतीच्या साखरा असतात, ज्या बाळाला पचतच नाहीत. मग त्या आल्या कशाला? नव्या माणसांना हे समजावताना भिंगरीताईला भारी मजा येई. "अहो, ते जेवण बाळाचं नाहीच. बाळाच्या पोटातल्या चांगल्या जंतूंचं आहे. ते खाऊनपिऊन धष्टपुष्ट होतात आणि वाईट जंतूंना टेकायला जागा ठेवत नाहीत. त्यातूनही एखादा आगाऊ घुसलाच, तर तो आतड्याला चिकटायच्या ऐवजी या साखरेलाच चिकटतो आणि शीबरोबर बाहेर जातो. आई पोराला तर जेवू घालतेच, वर पोराच्या राखणदारांनाही घालते!"

पडद्यावर प्रत्येक साखरेचा एक उंचवटा उमटे. त्यातला एक चांगला दांडगा डोंगर असे. पण तो सगळ्या आयांच्या दुधात नसे. चार-पाच जणींमागे एखादीच्या दुधात त्या जागी नुसती सरळ रेघ यायची. हा प्रकार रक्तगटासारखा जन्मजात, त्यात त्या बाईचं काही चुकलेलं नसतं. प्रयोगशाळेत मात्र बोलायला सोपं म्हणून दुधाच्या दोन जाती पाडल्या होत्या, डोंगराचं आणि सपाट. "आज सपाट किती?" "तीन." असं दिवसभर चाले. नळीवर नाव नसे, आकडा असे. आकड्याला काही वाटत नाही.

अशात भिंगरीताईची एकुलती एक लेक आठ आठवडे आधीच बाळंत झाली.

मुलगी झाली. एक किलो चारशे ग्रॅमची, काचेच्या पेटीत ठेवलेली, तोंडातून पोटात नळी गेलेली. दर तीन तासांनी त्या नळीतून चमचाभर दूध. जावई बोटीवर नोकरीला, त्याला किनारा गाठायला अजून पंधरा दिवस होते. बाळांच्या डॉक्टरांनी लेकीला समोर बसवून स्वच्छ सांगितलं, "हिची आतडी अजून कच्ची आहेत. अशा बाळांच्या आतड्यांना कधीकधी सूज येते, आणि ती वाढली तर जिवावर बेतते. त्यावर आईच्या दुधाइतकी चांगली ढाल नाही. तुम्ही दूध येऊ द्या, बाकीचं आमच्यावर सोडा."

लेकीने ते वेदवाक्य मानलं. टाके ओढत असताना दर तीन तासांनी पंप लावून बसायची. पहिल्या दिवशी बाटलीचा तळ ओला झाला नाही. चौथ्या दिवशी वीस मिली, सहाव्या दिवशी पंचेचाळीस. बाटली उजेडात धरून तिने आईला दाखवली. तोंडावरची सगळी सूज विसरून ती हसत होती. "बघ आई! एवढं तर तुझी नात आठ वेळांतसुद्धा संपवणार नाही."

भिंगरीताईचे हात शिवशिवले. सिस्टरनी दूध काढून घेतल्यावर बाटलीत राहिलेले थेंब कुणी विचारत नाही. तिने ते एका छोट्या नळीत उतरवले आणि पर्समध्ये टाकले. मनाशी म्हणाली, नुसतं बघते. सव्वीस वर्षं परक्या बायकांचं बघितलं, घरचं एकदा बघितलं तर आभाळ कोसळणार आहे का?

घरचे नमुने यंत्रात घालायचे नाहीत, हा प्रयोगशाळेचा पहिला नियम होता आणि तो भिंगरीताईनेच फळ्यावर लिहिलेला होता. मॅडम बैठकीला गेल्यावर तिने नळीतली साय वेगळी केली, प्रथिनं खाली बसवली, वरचं पाणी यंत्रात सोडलं आणि नोंदीत भलताच आकडा घातला. चाळीस मिनिटं लागणार होती. त्या चाळीस मिनिटांत तिने फ्रीज चार वेळा उघडला. चोराच्या मनात चांदणं. जिन्यावर पाऊल वाजलं की ती पडद्यापुढे आडवी उभी राही.

रेघ सरकत सरकत त्या जागी आली आणि तशीच पुढे गेली. सपाट.

तिने उरलेल्या थेंबांवर पुन्हा तेच केलं. पुन्हा सपाट. मग तिने कागद छापून घेतला, पडद्यावरचं पुसून टाकलं आणि गच्चीवर जाऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घातल्या. इतकी वर्षं हा शब्द दिवसातून दहादा तोंडात यायचा. आज तो आपल्याच घरात शिरला. तिने वाचलेल्या, ऐकलेल्या, मॅडमच्या तोंडून निसटलेल्या साऱ्या गोष्टी तिला एकदम आठवल्या: अमुक साखर कमी असली की अमुक जंतू शिरतो, तमुक बाळं आजारी पडतात. आठवायच्या त्या गोष्टी आठवल्याच नाहीत. भीतीला आपल्या सोयीचंच आठवतं.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. ते शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, त्यांना सगळं गाव मास्तर म्हणे आणि आता तीही म्हणे. मास्तरांनी शांतपणे विचारलं, "दीडशेतली एक गेली. उरल्या किती?"

"तुम्हाला सगळं गणितच वाटतं!"

"मग तुला काय वाटतं?"

"मला काही वाटत नाही. मला भीती वाटते."

"लेकीला बोलू नकोस," मास्तर म्हणाले. "तुझ्या पायांना मी कधी अडवलं नाही. पण जिभेला आवर घाल."

दोन दिवस तिने आवर घातला, म्हणजे लेकीला सोडून बाकी सगळ्यांना छळलं. बाळांच्या विभागातल्या मोठ्या सिस्टरना गाठून म्हणाली, "हिला दूधपेढीतलं दूध दिलं तर? ते चार-पाच बायकांचं एकत्र असतं ना, म्हणजे सगळं काही येतं त्यात."

सिस्टरनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. "ताई, आईचं भरपूर येतंय. पेढीतलं दूध ज्यांना आईचं मिळत नाही त्यांच्यासाठी. तुम्ही साखरेतल्या ना? मग तुम्हीच असं विचारता?"

भिंगरीताई काचेकडे वळली. दिवसातून सहा वेळा काचेपाशी जाऊन ती नातीच्या पोटाकडे बघे. कालच्यापेक्षा मोठं दिसतंय का? शिरा जास्त दिसतायत का? सिस्टर पट्टीने पोट मोजत, तो आकडा ती कानात प्राण आणून ऐके. लेक विचारी, "आई, तू सारखी आत-बाहेर का करतेस? मला भोवळ येते." ती म्हणे, "काही नाही गं, पाय मोकळे करते."

आठव्या दिवशी लेक पंप लावून बसली होती. बाटली भरत होती. ती सहज म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, माझं दूध हेच हिचं औषध. आई, आता मला कशाची भीती नाही."

हे ऐकलं आणि भिंगरीताईच्या जिभेचा लगाम सुटला.

"औषध खरं. पण तुझं दूध सपाट आहे गं."

"सपाट म्हणजे?"

मग सांगावंच लागलं. नळी, यंत्र, डोंगर, रेघ. सांगताना तिला कळत होतं की आपण थांबायला हवं, आणि थांबता येत नव्हतं. ती खिडकीपासून दारापर्यंत चालत बोलत होती, जणू नव्या मुलींना काम समजावते आहे. बोलणं संपलं तेव्हा लेकीने पंप बंद केलेला होता. बाटली अर्धी होती.

"म्हणजे मी हिला आठ दिवस काय देत होते?" लेकीने विचारलं.

"दूधच, राणी. चांगलंच आहे. फक्त एक..."

"एक काय ते मला समजलं."

त्यानंतर लेक पंपाला बसे, पण मान वळवून बसे. कधी म्हणे दुखतंय, कधी म्हणे झोप लागली होती. दूध मोठं मानी असतं. रुसलं की रुसलं. नवव्या दिवशी तीस मिली. दहाव्या दिवशी सकाळी बारा. आणि त्याच दुपारी नातीचं पोट फुगलं.

डॉक्टर आले, पोट चाचपलं, एक्स-रे फोटो काढला आणि दूध थांबवून शिरेतून पाणी सुरू केलं. लेक भिंतीला टेकून उभी होती. ती रडली नाही. आईकडे बघून एवढंच म्हणाली, "तुझं यंत्र बरोबर निघालं." त्यापेक्षा तिने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोट उतरलं. फोटोत काही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "हवा धरली होती. इतक्या लहान बाळांचं पोट कशानेही फुगतं. दुपारपासून दूध सुरू करू, एकेक चमचा. आईचंच."

लेक म्हणाली, "माझं नको. पेढीतलं द्या."

डॉक्टरांनी कारण विचारलं. तिने सांगितलं नाही. आईला वाचवलं की आईची लाज वाटली, ते तिलाच ठाऊक.

भिंगरीताई तिथून जी निघाली ती तडक प्रयोगशाळेत. मॅडमच्या टेबलावर तिने तो कागद ठेवला आणि उभ्या उभ्या सगळं कबूल केलं. मॅडमचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. त्यांनी यंत्राच्या खोलीची किल्ली मागून घेतली. "महिनाभर यंत्राला हात लावायचा नाही. बाटल्या धुवायच्या."

"धुते. वर्षभर धुते. पण तिला काय सांगू ते सांगा."

मॅडमनी कागद पुढे ओढला. "तुम्ही यात काय बघितलंत?"

"ते नाही, ते."

"आणि जे आहे ते?"

भिंगरीताईने खाली बघितलं. त्या कागदावर बाकीचे उंचवटे दाटीवाटीने उभे होते. दोन-तीन तर नेहमीपेक्षा चांगलेच उंच. तिने ते बघितलेच नव्हते. कागद पाच दिवस पर्समध्ये घेऊन फिरत होती आणि एका रिकाम्या जागेपलीकडे तिची नजर गेली नव्हती.

"एक वाट बंद असली की साखरा दुसऱ्या वाटेने बांधल्या जातात," मॅडम म्हणाल्या. "शिवाय दुधात काय फक्त साखर असते? आणि सपाट हा शब्द. तो मीच इथे रुळू दिला, चूक माझीही आहे. उद्यापासून तो बंद." मग त्यांनी विचारलं, "हे आईबापांकडून येतं हे माहीत आहे ना? दोघांकडून. तुम्ही स्वतःचं कधी बघितलंत?"

"माझं दूध आटून जमाना झाला, मॅडम."

"थुंकी आटली नाही ना? त्यातही कळतं. रक्तपेढीत जा."

रक्तपेढीतल्या बाईने नळीत थुंकायला सांगितलं आणि दोन तासांनी या म्हणाली. भिंगरीताईने ते दोन तास रक्तपेढीच्या बाहेरच्या बोळात काढले. तिथला शिपाई शेवटी म्हणाला, "बाई, फरशी झिजेल." तिने त्यालाही उलट उत्तर दिलं नाही. दोन तासांनी बाईने सांगितलं, तुमच्यात ती खूण नाही.

तिने मास्तरांना फोन केला. ते म्हणाले, "म्हणजे अर्धा वाटा माझा. तिला तेही सांग, एकटीने भाव खाऊ नकोस." पण त्यांचा आवाज हलला होता.

लेक पलंगावर कुशीला वळून पडली होती. पंप टेबलावर कोरडा होता. भिंगरीताईने स्टूल ओढलं आणि टेकली.

"माझ्यातही नाही ती साखर," ती म्हणाली. "तपासून आले. तुला मी जे पाजलं ते असंच होतं."

लेक वळली. मग म्हणाली, "मी पूर्ण दिवसांची होते, आई. साडेतीन किलोची. हिचं तसं नाही."

खरं होतं. भिंगरीताईला बोलण्यात पहिल्यांदाच कुणी हरवलं होतं, आणि उठून खिडकीपर्यंत जायची अनावर ओढ तिच्या पायांत आली. ती गेली नाही.

"हो. तसं नाही," ती म्हणाली. "हिचं काय होईल ते मला माहीत नाही. त्या कागदाला माहीत नाही, मॅडमना नाही, डॉक्टरांनाही नाही. मला फक्त भीती वाटली, आणि ती माझ्याच्याने धरवेना म्हणून मी तुझ्या पदरात टाकली. बाळंत झालेल्या पोरीच्या. चुकले गं मी."

लेकीच्या डोळ्यांतून पाणी आलं, उशीत मुरलं. बाहेर कुणाचं तरी बाळ रडत होतं, मोठ्या आवाजात, पूर्ण दिवसांचं.

"तू मला किती पाजलंस?" लेकीने विचारलं.

"दीड वर्ष. दात आले, चावायला लागलीस, तरी."

"आणि तेव्हा तुला कुणी येऊन सांगितलं असतं, तुझं दूध सपाट आहे म्हणून?"

खोटं सांगायची सोय उरली नव्हती.

"पाजलं नसतं," ती म्हणाली. "भिऊन बाटलीवर टाकलं असतं तुला."

लेकीने डोळे पुसले आणि हाताच्या आधाराने उठून बसली. "मग मलाही तू काही सांगितलंच नाहीस, असं धरू," ती म्हणाली. "पंप दे इकडे."

पाच मिनिटं काहीच आलं नाही. नुसता पंपाचा आवाज. भिंगरीताईचे गुडघे हलत होते, तिने ते दोन्ही हातांनी दाबून धरले. मग एक थेंब आला, बाटलीच्या काचेवरून घसरला. मग दुसरा. लेक या वेळी मान वळवून बसली नव्हती. अर्ध्या तासात नऊ मिली झालं.

"दे, सिस्टरना देऊन येते," भिंगरीताई पटकन उठली.

"नको. मीच नेते."

ती टाके सांभाळत, एक हात भिंतीला लावत निघाली. आई दोन पावलं मागे, रिकाम्या हातांनी. सिस्टरनी बाटली घेतली, काही विचारलं नाही, एक चमचाभर पिचकारीत भरलं आणि पिचकारी नळीला जोडून वर धरली. दूध आपल्या वजनाने हळूहळू खाली उतरू लागलं. आजीची नजर पोटाकडे जात होती. तिने ती ओढून नातीच्या तोंडाकडे नेली. ते एवढंसं तोंड नळीभोवती चोखल्यासारखं हलत होतं.

लेकीने पेटीच्या गोल झरोक्यातून हात आत घातला आणि एक बोट तिच्या मुठीत दिलं.

"पी गं," ती म्हणाली. "आपल्या घरचं आहे."